आधी आकार, मग रंग

मराठीच्या प्राध्यापकाने कातडे कामात नाक खुपसावे, हे वाचकांना जरा विचित्रच वाटेल. माझ्या पत्नीलाही ते वाटलेच! पण वडिलांचा चष्मा सहा महिन्यांत दोनदा फुटला आणि हा उद्योग मला करावाच लागला. वडिलांचे वय ब्याऐंशी. बाजारातल्या मऊ पिशवीत ठेवलेला चष्मा उशीखाली दबतो आणि नवा येईपर्यंत ते वर्तमानपत्र मांडीवर घेऊन नुसते बसून राहतात. दुसऱ्या खेपेस ते म्हणाले, "आता नको रे नवा. असे किती दिवस वाचायचे राहिले आहे मला?" ते बोलणे मनाला लागले. पाडव्याच्या दिवशी त्यांच्या हाती कडक कातड्याचे, न दबणारे चष्म्याचे घर ठेवायचे, असे मी ठरवले.

भिजवलेले कातडे साच्यावर दाबून वाळवले की त्याचा आकार कायम होतो, एवढे मी वाचले होते. सुताराकडून चष्म्याहून किंचित मोठा, गोल कडांचा लाकडी ठोकळा करून आणला. कातडे सपाट आहे तोवरच रंगवणे सोपे, असा शहाणा विचार करून त्याला तपकिरी रंगाचे दोन हात दिले. दुसऱ्या दिवशी ते पाण्यात बुडवले आणि ठोकळ्यावर ताणून लोखंडी टाचण्यांनी पक्के केले. बोटे रंगली, ठोकळा रंगला, खाली अंथरलेला पंचाही रंगला. वाळल्यावर पाहतो तो जिथे कातडे ताणले गेले होते, त्या कोपऱ्यांवर रंग विरळ होऊन फिकट रेघा उमटलेल्या! जादा भाग कापला तर कडा पांढुरक्या. आणि प्रत्येक टाचणीभोवती काळाकुट्ट डाग.

ते ध्यान घेऊन मी आमच्या कोपऱ्यावरच्या कारागिराकडे गेलो. हे गृहस्थ मूळचे कोल्हापूरकडचे; सगळी गल्ली त्यांना मामा म्हणते. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिले आणि हसून म्हणाले, "बारसं व्हायच्या आदी लगीन लावलंसा की, सर!"

मग त्यांनी जे सांगितले, ते माझ्या वर्गातल्या कित्येक व्याख्यानांहून सुबोध होते. कातडे कमावण्याच्या दोन मुख्य तऱ्हा. बाभळीची साल, हिरडा यांच्या रसात कमावलेले कातडे पाणी पिते, मऊ होते आणि वाळताना दिलेला आकार धरून बसते. क्रोमच्या क्षारांनी कमावलेले कातडे मऊ आणि लवचीक; ते दाबले तरी पुन्हा मूळपदावर येते. या दुसऱ्या पद्धतीचे पेटंट अमेरिकेत 1884 साली घेतले गेले, आणि आज बुटापिशव्यांचे बहुतेक कातडे त्याच जातीचे असते. म्हणून खरेदी करतानाच विचारून घ्यावे.

काळ्या डागांचे गूढही उकलले. हिरड्याचा रस आणि लोखंड एकत्र आले की काळा रंग होतो. हिरडा आणि हिराकस यांची शाई पूर्वी याच गुणावर होत असे. जन्मभर शाईवर पोट भरणाऱ्या मला हे एका टाचणीने शिकवावे, ही मौजच!

"आदी आकार, मग रंग," मामा म्हणाले. त्यांचा क्रम असा. कातडे कोमट पाण्यात भिजवावे. पाणी कढत नको, नाहीतर कातडे आक्रसते. बाहेर काढून थोडे सुकू द्यावे आणि ठोकळ्यावर बसवून बोटांनी व गुळगुळीत लाकडी पट्टीने कडा दाबाव्यात. मग सावलीत चांगला एक दिवस, दमट हवेत दोन दिवस, हात लावू नये. पुरते वाळल्यावर रापीने कडा कापाव्यात आणि त्यानंतरच रंग द्यावा, म्हणजे ताणलेल्या भागावर आणि कापलेल्या कडांवरही तो सारखा बसतो. पातळ रंगाचे दोन-तीन हात द्यावेत. एकच दाट हात देऊ नये. वाळल्यावर कोरड्या फडक्याने घासून सुटा रंग काढून टाकावा, नाहीतर तो कपड्यांना लागतो. शिवण रंगानंतर, म्हणजे दोरा पांढरा राहतो. तेल किंवा मेण सर्वांत शेवटी, तेही बेताने. आधी लावले तर पाणीही आत शिरत नाही आणि रंगही, आणि तेल जास्त झाले तर कडकपणा जातो.

दिवाळीला चार दिवस उरले होते. दोन दिवस त्या ठोकळ्याकडे नुसते पाहत बसणे हीच माझी खरी परीक्षा होती. दोनदा रंगाची बाटली उघडली आणि पत्नीच्या नजरेने पुन्हा बंद केली.

पाडव्याला ते घर वडिलांच्या हातात ठेवले. त्यांनी ते चाचपले, कडांवरून अंगठा फिरवला, दोन्ही तळहातांत धरून जोरात दाबून पाहिले. ते दबले नाही. चष्मा आत सरकवला, बाहेर काढला, पुन्हा सरकवला.

"छान बसतो," ते म्हणाले. मग थोडे थांबून, "रंग कोणता रे दिलास?"

मी म्हणालो, "चष्मा लावून बघा ना."

त्यांनी चष्मा लावला. पण त्या घराकडे न पाहता, हात लांब करून शेजारचे वर्तमानपत्र उचलले.