भरपाई मिळाली, पण कुणाला?

परवा आमच्या विठ्ठलवाडीच्या बचत गटात एक मैत्रीण डोळे पुसतच आली. माहेरची जमीन रस्त्यात गेली, भरपाईचा चेक भावांच्या नावाने निघाला. हिने लग्नानंतर हक्कसोडपत्रावर सही करून दिलेली! "शेत मी पण निंदलंय की हो ताई," एवढंच ती म्हणत राहिली. "कागदावर ज्याचं नाव, पैसा त्याचा," कुणीतरी बोललं आणि मला नुकतंच वाचलेलं मॉरिशस आठवलं.

मैत्रिणींनो, मॉरिशस म्हणजे आपल्याला हनिमूनची जागा. पण तिथल्या उसाच्या मळ्यांवर आफ्रिका, मादागास्करहून आणलेले गुलाम राबत. १८३३ साली इंग्लंडच्या पार्लमेंटने गुलामगिरी बंद करायचा कायदा केला आणि त्यातच २ कोटी पौंडांची भरपाई मंजूर केली. कुणाला? मालकांना! गुलाम ही त्यांची मालमत्ता, ती गेली म्हणून. मॉरिशसच्या मालकांना २० लाखांहून जास्त पौंड मिळाले. राबणाऱ्यांना छदामही नाही. उलट 'शिकाऊ' म्हणून १८३९ पर्यंत त्याच मालकाकडे काम करायची सक्ती. या भरपाईसाठी काढलेलं कर्ज इंग्लंडची जनता २०१५ पर्यंत फेडत होती.

लंडनच्या अभ्यासकांनी या दाव्यांची कागदपत्रं तपासली. दावेदारांत ४० टक्क्यांच्या आसपास बायका निघाल्या. कुणी विधवा, कुणी बिनलग्नाची बहीण. आपण लेकीला पाटल्या ठेवतो ना, तशी मृत्युपत्रात माणसं ठेवलेली. बाईला वारसाहक्क हवा, असं मी गटात नेहमी तावातावाने सांगते. हे वाचल्यावर मात्र घास घशात अडकल्यासारखं झालं.

मग गुलामांच्या जागी कोण? आपली माणसं! जॉन ग्लॅडस्टन हा पुढे पंतप्रधान झालेल्या विल्यम ग्लॅडस्टनचा बाप. अडीच हजारांवर गुलामांपोटी त्याला लाखावर पौंड मिळाले. त्याने कलकत्त्याहून मजूर मागवले, ते १८३८ साली दक्षिण अमेरिकेतल्या गयानात पोचले. (त्याच्या वंशजांनी २०२३ साली तिथे जाऊन माफी मागितली.) मॉरिशसला तर १८३४ पासूनच बोटी लागत होत्या. मुंबई बंदरातून रत्नागिरीकडचे कितीतरी कोकणी गडी गेले. पाच वर्षांचा करार, सुरुवातीला महिना पाच रुपये. एक दिवस खाडा झाला तर दोन दिवसांचा पगार कापायचे.

त्यांच्या नातवंडा-पतवंडांनी मराठी जपली, जाखडी जपली. गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते. पण मळ्यांची जमीन बहुतेक जुन्या घराण्यांकडेच राहिली.

आमच्या मैत्रिणीची सही तर होऊन गेली. वकिलांना विचारतोय, बघू. तिच्या धाकट्या बहिणीने मात्र अजून सही केलेली नाही. तिला रविवारी गटात बोलावलंय, येताना सातबारा घेऊन ये म्हटलंय.