फोटोतले लाल ठिपके अणुभट्टीचे नव्हेत

चिंचणीच्या किनाऱ्यावरून काढलेला ताऱ्यांचा फोटो कुणालाही दाखवा, एक वाक्य ठरलेलं असतं: ‘ते लाल-निळे ठिपके दिसतात ना? रेडिएशन. तारापूर अणुशक्ती केंद्र जवळच आहे.’ सांगणारा बहुतेक वेळा बोईसर-पालघरचाच, आणि आवाज असा की जणू सरकारी गुपित फोडतोय.

ठिपके असतात, हे खरं. लाँग एक्स्पोजरचा फोटो मोठा करून पाहा. काळ्या आकाशात एक लालभडक कण, थोड्या अंतरावर एक निळा, एखादा हिरवा. शेजारचा तारा जरा पसरट असतो, हा मात्र टाचणीच्या टोकासारखा. याला हॉट पिक्सेल म्हणतात. सेन्सर तापला की प्रकाश न पडताही त्यात विद्युतभार साठतो. साधारण दर ६-७ अंश सेल्सिअसला ही गळती दुप्पट होते. प्रत्येक पिक्सेलवर लाल, हिरवी किंवा निळी गाळणी असते, म्हणून बिघडलेला पिक्सेल त्याच रंगात चमकतो. किनाऱ्यावरच्या मे महिन्यातल्या उकाड्यात शटर ३० सेकंद उघडं ठेवलं, तर आणखी काय होणार?

पटत नसेल तर लेन्सला टोपी लावा, कॅमेरा अंधाऱ्या कपाटात ठेवा आणि तेवढ्याच वेळाचा फोटो काढा. तेच ठिपके, त्याच जागी. नागपूरला जाऊन काढा, तरी तेच. आता नागपूरच्या कपाटात अणुभट्टी कुठून आणायची?

किरणोत्साराने फोटोवर ठिपके उठतच नाहीत, असं मात्र नाही. २०१७च्या सुरुवातीला जपानमधल्या अपघातग्रस्त फुकुशिमा केंद्राच्या दुसऱ्या अणुभट्टीत आत सोडलेल्या कॅमेऱ्याच्या चित्रातल्या ठिपक्यांवरूनच केंद्र चालवणाऱ्या टेप्को कंपनीने तिथल्या किरणोत्साराचा अंदाज बांधला होता: ताशी ५३० सिव्हर्ट. पुढे तो आकडा बराच खाली आणला, तरी माणसाला काही मिनिटांत प्राणघातक मात्रा मिळेल इतका उरलाच. तारापूरच्या हवेत तसं काही असतं, तर फोटोवर चर्चा करायला कुणी उरलं नसतं. तुलनेसाठी: सामान्य नागरिकासाठी अणुऊर्जा नियामक मंडळाची मर्यादा वर्षाला १ मिलिसिव्हर्ट आहे, आणि त्याखेरीज निसर्गातून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतच असतात.

उलट, सेन्सरला खरोखर भिडणारे कण येतात ते वरून. समुद्रसपाटीला दर चौरस सेंटिमीटरमागे मिनिटाला साधारण एक म्यूऑन कण आरपार जातो. त्यातला एखादा पांढरा ठिपका किंवा बारीक रेघ उमटवतो, पण पुढच्या फोटोत ती त्या जागी नसते. हे विश्वकिरणांचं देणं.



‘बोईसरवरचा नारिंगी उजेड अणुकेंद्राचा’ हा समजही त्याच घराण्यातला. तो एमआयडीसीच्या आणि रस्त्यांवरच्या दिव्यांचा. समुद्राची दमट हवा आणि धूळ तो वर पसरवते. अणुभट्टीची खरी चमक निळी असते आणि ती आत, पाण्याखाली असते. जगातले ८० टक्क्यांहून अधिक लोक असल्याच उजळलेल्या आकाशाखाली राहतात, असं प्रकाशप्रदूषणाच्या २०१६च्या जागतिक नकाशात फाल्की या शास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी दाखवलं आहे. चिंचणीला पाठ बोईसरकडे करा, तोंड समुद्राकडे. नाहीतर सरळ जव्हार-मोखाडा गाठा. आणि कॅमेरा अणुकेंद्राकडे रोखू नका. तो प्रतिबंधित भाग आहे, तिथे विज्ञानाचं व्याख्यान कामी येणार नाही.

ताऱ्यांच्या फोटोंबद्दलची आणखी काही ठरलेली वाक्यं. ‘शटर जास्त वेळ उघडं, तर तारे जास्त.’ काही सेकंदांपर्यंत हो. २४ मिलिमीटरच्या लेन्सने २० सेकंदांनंतर तारे रेघा व्हायला लागतात, कारण पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. त्यापुढे आकाशच पांढरट होतं. तासाभराची तारावर्तुळं छोट्या छोट्या फोटोंची थप्पी रचून करतात.

‘पौर्णिमेला छान येतात.’ चंद्राचे, हो.

‘फोटोनंतर कॅमेरा हँग होतो.’ होत नाही हो! शटर मिटून तेवढ्याच वेळाचा काळा फोटो घेऊन तो हेच ठिपके वजा करत असतो.

‘पावसाळ्यात आकाशगंगा दिसते म्हणे.’ ती तेव्हा ऐन रात्री डोक्यावर असते खरी, पण मध्ये ढग असतात. मार्च-एप्रिलच्या पहाटे उठा.

‘परदेशातल्यासारखी पूर्ण वर्तुळं इथे येत नाहीत, कॅमेरा स्वस्त आहे.’ कॅमेऱ्याचा दोष नाही. पालघरहून ध्रुव क्षितिजापासून जेमतेम २० अंशांवर दिसतो, मोठ्या वर्तुळांचा खालचा भाग जमिनीखालीच जातो.