खिशातील लिनक्सशी थेट संवाद

अँड्रॉइड फोनच्या पडद्यावरील रंगीत चिन्हांच्या आड एक अबोल यंत्रणा अखंड राबत असते. तिचे नाव लिनक्स. हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स याने १९९१ मध्ये लिहिलेला हा गाभा, म्हणजेच ‘कर्नल’, अँड्रॉइडसाठी स्वीकारण्यात आला आणि २००८ मध्ये पहिला अँड्रॉइड फोन बाजारात आला. त्यामुळे लिनक्सचे नावही न ऐकलेले असंख्य लोक आज ते दिवसभर वापरतात. या यंत्रणेला लेखी आज्ञा देण्याची सोय मात्र बहुतेक फोनमध्ये आयती मिळत नाही. ती ज्या साधनाने मिळते, त्याला ‘टर्मिनल’ म्हणतात.

टर्मिनलचा पडदा काळा आणि रिकामा असतो. तेथे चिन्हे नसतात, लुकलुकणारी एक खूण तेवढी असते. तिच्यापुढे आज्ञा लिहायची आणि ‘एंटर’ दाबायचे. ‘शेल’ नावाचा दुभाषा ती आज्ञा वाचतो, योग्य तो कार्यक्रम चालवतो आणि उत्तर खाली लिहून दाखवतो. ‘एलएस’ लिहिले की फायलींची यादी येते, ‘सीडी’ने एका फोल्डरमधून दुसऱ्यात जाता येते, ‘सीपी’ने फायलीची प्रत निघते. या आज्ञा रोमन लिपीतील लहान अक्षरांतच लिहाव्या लागतात.

या पद्धतीचे खरे सामर्थ्य आज्ञा एकमेकींना जोडण्यात आहे. एका आज्ञेचे उत्तर दुसरीच्या हाती सोपवणारी ‘पाइप’ ही उभी रेघ युनिक्स प्रणालीत १९७३ मध्ये आली. फायलींची यादी करणारी आज्ञा आणि ओळी मोजणारी आज्ञा या रेघेने जोडल्या, की फोल्डरमध्ये किती फायली आहेत ते क्षणात कळते. शेकडो छायाचित्रांची नावे बदलायची झाल्यास बोटाने तासभर लागणारे काम एका ओळीत आटोपते.

‘मी कोण?’

अँड्रॉइडवर यासाठी सर्वाधिक परिचित असलेले अ‍ॅप म्हणजे २०१५ मध्ये आलेले टर्मक्स. ते मोफत आणि मुक्तस्रोत आहे. ते उघडून ‘हूअ‍ॅमआय’, म्हणजे ‘मी कोण?’, ही आज्ञा दिली की घरच्या लिनक्स संगणकावर वापरकर्त्याचे नाव दिसते तसे येथे दिसत नाही. ‘यू०_ए२५७’ यासारखी खूण दिसते. ती फोनच्या मालकाची नसून अ‍ॅपची असते.

यामागे विचार आहे. युनिक्सच्या परंपरेत एकाच संगणकावर अनेक माणसे काम करत आणि एकाने दुसऱ्याच्या फायलींना हात लावू नये म्हणून प्रत्येकाला क्रमांक दिला जाई. अँड्रॉइडने हे क्रमांक माणसांऐवजी अ‍ॅपना वाटले. त्यामुळे खेळाचे एखादे अ‍ॅप बँकेच्या अ‍ॅपची खासगी माहिती वाचू शकत नाही. टर्मक्सही याच कुंपणात राहते. संपूर्ण यंत्रणेवर हुकूम चालवण्याचा ‘रूट’ अधिकार त्याला नसतो.

कुंपण नसले तर काय होते, याची चुणूक पहिल्याच अँड्रॉइड फोनने दाखवली होती. नोव्हेंबर २००८ मध्ये ‘टी-मोबाइल जी १’ या फोनमध्ये एक विलक्षण दोष आढळला. कोठेही टंकलेला मजकूर पडद्याआड रूट अधिकार असलेल्या शेलकडेही जात होता. गप्पांच्या ओघात कोणी ‘रिबूट’ हा शब्द लिहून एंटर दाबला, की फोन खरोखरच बंद होऊन पुन्हा सुरू होई. गुगलने हा दोष तातडीने दूर केला.

कुंपणाच्या आतील संसार

कुंपणात राहूनही टर्मक्स बरेच काही करू देते. ‘पीकेजी’ या आज्ञेने पायथन, गिट, एफएफएमपेग यांसारखी साधने उतरवून घेता येतात. अँड्रॉइडचे मूलभूत ग्रंथालय नेहमीच्या लिनक्सपेक्षा वेगळे असल्याने ही साधने त्यासाठी मुद्दाम नव्याने बांधलेली असतात. दूरच्या सर्व्हरवर ‘एसएसएच’द्वारे प्रवेश करता येतो, चित्रफितीचा आकार कमी करता येतो, छोटे संकेतस्थळ चालवून पाहता येते. ज्या विद्यार्थ्याच्या घरी फोन हाच एकमेव संगणक आहे, त्याला याच पडद्यावर प्रोग्रॅमिंगचे पहिले धडे गिरवता येतात.

मराठी वाचकाला एक उणीव मात्र जाणवेल. टर्मिनल प्रत्येक अक्षराला ठराविक रुंदीची चौकट देते, आणि वेलांट्या व जोडाक्षरे या चौकटीत नीट बसत नाहीत. त्यामुळे देवनागरी मजकूर अनेकदा तुटलेला दिसतो. फायलीतील मजकूर त्याने बिघडत नाही. दोष दाखवण्यात असतो, साठवण्यात नसतो.

टर्मक्स कोठून घ्यावे, हाही महत्त्वाचा प्रश्न आहे. २०१९ मधील अँड्रॉइड १० पासून, नव्या नियमांनुसार बांधलेल्या अ‍ॅपना स्वतःच्या फोल्डरमध्ये उतरवलेले कार्यक्रम थेट चालवण्यास मनाई झाली. सुरक्षेच्या दृष्टीने हे योग्यच, परंतु टर्मक्सचा प्राणच त्यात आहे. परिणामी प्ले स्टोअरवरील आवृत्तीचे अद्ययावतीकरण २०२० मध्ये थांबले. पुढे तेथे वेगळी आवृत्ती आली असली, तरी टर्मक्सची मूळ आवृत्ती एफ-ड्रॉइड आणि गिटहब येथे मिळते.

तीन पथ्ये

टर्मिनलमध्ये ‘कचरापेटी’ नसते. ‘आरएम’ आज्ञेने पुसलेली फाइल सहसा परत मिळत नाही. ‘टर्मक्स-सेटअप-स्टोरेज’ या आज्ञेने अ‍ॅपला फोनच्या सामायिक साठ्यात प्रवेश दिला असेल, तर एका चुकीच्या ओळीत कुटुंबाची छायाचित्रेही जाऊ शकतात. म्हणून पहिले पथ्य हे, की गरज नसताना तो प्रवेश देऊ नये. दुसरे, इंटरनेटवरून उचललेली आज्ञा अर्थ समजल्याशिवाय चिकटवू नये. ‘कर्ल’ने काही उतरवून ते न वाचताच ‘बॅश’च्या हाती देणारी ओळ दिसली, तर विशेष सावध राहावे, कारण अनोळखी माणसाच्या कोऱ्या कागदावर सही करण्यासारखेच ते आहे. तिसरे, टर्मक्स काढून टाकले की त्याच्या फोल्डरमधील सारे कामही पुसले जाते. त्याची प्रत आधीच अन्यत्र ठेवावी.

मार्च २०२५ मध्ये गुगलने पिक्सेल फोनसाठी स्वतःचे लिनक्स टर्मिनल उपलब्ध केले. विकासकांसाठीच्या पर्यायांतून ते सुरू करता येते. त्यात डेबियन ही पूर्ण लिनक्स प्रणाली आभासी यंत्रात, म्हणजे फोनच्या आत उभ्या केलेल्या वेगळ्या संगणकात चालते. तेथे वापरकर्त्याला रूट अधिकारही मिळतो, पण तो त्या आभासी घरापुरताच. बाहेरील अँड्रॉइडला धक्का लागत नाही.

सुरक्षितता हवी तर मालकाचे अधिकार आवळायचे आणि अधिकार हवेत तर धोका पत्करायचा, असा हा पेच गेली अनेक वर्षे चालत आला आहे. आभासी यंत्राचा मार्ग त्यातून काही अंशी सुटका करतो. विकत घेतलेले यंत्र केवळ पाहण्याचे आणि ऐकण्याचे साधन राहावे, की त्याला कामाला जुंपता यावे, हे ठरवण्याची थोडी मुभा त्यामुळे मालकाच्या हाती येते. ती मुभा वापरायची तर आज्ञा देण्यापूर्वी तिचा अर्थ समजून घेण्याचे कष्ट मात्र त्यालाच घ्यावे लागतील.