शालोत्तर वेळ आणि ग्रामीण बालक : घोटी परिसराच्या संदर्भात

बालकाच्या शिक्षणाचा विचार बहुधा शाळा भरल्यापासून सुटेपर्यंतच्या काळापुरताच केला जातो. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने इयत्ता १ ते ५ साठी वर्षाला किमान २०० दिवस व ८०० तास अध्यापन आवश्यक ठरविले आहे. मूल दिवसाचे १४ तास जागे असते असे धरल्यास वर्षाचे ५,११० तास होतात. त्यांचा षष्ठांशही या किमान अध्यापनाच्या वाट्याला येत नाही. उरलेल्या काळात मुलाचे काय होते, हा प्रश्न म्हणूनच शिक्षणशास्त्राच्या कक्षेबाहेरचा मानता येत नाही.

इगतपुरी तालुक्यातील घोटी ही भाताची बाजारपेठ असून मुंबई–आग्रा महामार्ग व लोहमार्ग यांच्यामुळे तेथे सतत वर्दळ असते. भोवतालच्या खेड्यांत महादेव कोळी, ठाकर आदी आदिवासी कुटुंबांची वस्ती आहे. पावसाळ्यात आवणी सुरू झाली, की घरची कर्ती माणसे दिवसभर खाचरात असतात. अशा वेळी शाळेतून परतलेल्या मुलीच्या कडेवर धाकटे भावंड येते, मुलाच्या मागे गुरे लागतात; अभ्यासात साह्य करील असे शिकलेले माणूस घरी असतेच असे नाही. बाजारपेठेतील सुस्थित मुलास मात्र शिकवणी लावता येते. एकाच बाकावर बसणाऱ्या या दोन मुलांमधील अंतर शाळा सुटल्यावर वाढू लागते.

या प्रश्नाचे एक उत्तर महाराष्ट्रात पूर्वीच शोधले गेले आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले व १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. अनुताई वाघ या कार्यात त्यांच्या सहकारी होत्या. गुरे राखणारी वारली मुले शाळेत येत नाहीत असे दिसताच तेथे कुरणशाळा निघाली; भावंडे सांभाळणाऱ्या मुलींसाठी पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आणण्यात आल्या. मुलाचे काम हा त्याचा दोष न मानता शिक्षणाची वेळ व जागाच बदलावी, हे या प्रयोगाचे सार होय.

हेच तत्त्व शालोत्तर केंद्रास लागू पडते. शाळेच्या ओसरीवर दोन तास चालणाऱ्या केंद्रात धाकट्या भावंडासही जागा असली, तरच मोठी बहीण तेथे येऊ शकेल. मूल सुरक्षित आहे या खात्रीने आईला निर्धास्तपणे काम करता येते. गावातील शिकलेल्या तरुणास जबाबदारीचे काम मिळते. निरनिराळ्या वस्त्यांतील मुले एकत्र खेळतात. समाजाचा लाभ तो हाच.

तथापि असे केंद्र म्हणजे शाळेचीच पुनरावृत्ती झाल्यास थकलेले मूल तेथे टिकणार नाही. वाचन, खेळ, गाणी व हस्तव्यवसाय यांना तेथे गृहपाठाइतकेच स्थान हवे. केंद्राचे यशही केवळ परीक्षेच्या गुणांवरून ठरविता येणार नाही. आवणीच्या दिवसांत किती मुली शाळेत टिकून राहिल्या, हीच त्याची खरी कसोटी होय.