बिबट्याची भीती कुठे जास्त: आहुपेच्या जंगलात की उसाच्या फडात?

सह्याद्रीच्या कड्यावर, भीमाशंकरच्या दाट जंगलाजवळ असलेलं आहुपे आंबेगाव तालुक्यातलंच. पण बिबट्याच्या हल्ल्यांच्या बातम्या येतात त्या बहुतेक पूर्वेकडच्या बागायती पट्ट्यातून. डिंभे आणि कुकडी प्रकल्पाच्या धरणांचं पाणी आलं आणि ऊस वाढला. वर्षभर कुठे ना कुठे उंच ऊस उभा, शिवाय कुत्री, शेळ्या, वासरं हाकेच्या अंतरावर. मादी पिल्लंही उसातच घालते. थोडक्यात, हा बिबट्या ‘वाट चुकलेला’ नाहीच.

मग पकडून जंगलात का सोडत नाहीत? सोडून झालंय! जुन्नर भागातले २९ बिबटे सरासरी ४० किलोमीटर दूर नेऊन सोडले गेले. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांचा २०११ चा अभ्यास सांगतो, १९९३ ते २००१ दरम्यान माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत होते. २००१ ते २००३ मध्ये ते १७ वर गेले. जिथे बिबटे सोडले, त्या भागातही हल्ले झाले.

शेतकऱ्यांची एक मागणी मात्र जुनीच आहे: शेतीला दिवसा वीज द्या. रात्री वीज आली की मोटर चालू करायला अंधारात उसातूनच जावं लागतं.