पडद्यावरची सुजाता आणि मंचावरची रमाई

माता रमाईंच्या जीवनावरचा प्रयोग कोणत्याही वस्तीत, कोणत्याही बुद्ध विहाराच्या पटांगणात लावा, गर्दी होतेच. पुढे सतरंजीवर माता-भगिनी आणि लहान मुले, मागे खुर्च्यांवर कार्यकर्ते. राजरत्नच्या मृत्यूचा प्रसंग आला की पदर डोळ्यांना लागतात. मागच्या खुर्च्यांवरही रुमाल निघतात. प्रयोग संपला की रमाईची भूमिका करणाऱ्या मुलीच्या पाया पडायला म्हाताऱ्या बाया पुढे येतात. ती कॉलेजात शिकणारी पोर बिचारी संकोचून दोन पावले मागे सरते.

आम्ही या गर्दीला हसत नाही. ज्या समाजाला शतकानुशतके पोथीत, नाटकात, तमाशात मान ताठ ठेवलेले आपले माणूस क्वचितच दिसले, त्याला आपली आई मंचावर दिसली तर डोळे भरून येणारच. जब्बार पटेल यांच्या चित्रपटात मम्मुट्टी या केरळच्या नटाने बाबासाहेबांची भूमिका केली, राष्ट्रीय पुरस्कार मिळवला. आपल्या लोकांनी त्याला परका मानले नाही. २०१९ साली स्टार प्रवाहवर बाबासाहेबांची मालिका सुरू झाली, तेव्हा सागर देशमुख आणि शिवानी रांगोळे हे नट आहेत हे घरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होते. तरी पडद्यावर कोट-चष्मा दिसला की आजीचे हात जोडले जात. यात वावगे काही नाही. आमचा प्रश्न पुढचा आहे. हात जोडून झाले, डोळे पुसून झाले, मग डोक्यात काय राहते?

हा प्रश्न नीट मांडायचा तर आधी एका जुन्या हिंदी चित्रपटाकडे जावे लागेल. १९५९ साली बिमल रॉय यांचा ‘सुजाता’ आला. आपल्या वस्त्यांत आज दर तिसऱ्या घरात एक सुजाता सापडते. ते नाव सिद्धार्थ गौतमाला खीर देणाऱ्या सुजातेचे. सिनेमातली सुजाता मात्र पटकीत आईबाप गेलेली अस्पृश्य मुलगी आहे. एका ब्राह्मण इंजिनिअरच्या घरात ती वाढते. नूतनने ही भूमिका अशी केली आहे की दगडाला पाझर फुटावा. मान खाली, आवाज हळू, हात सतत कामात. घरच्या मुलीला शिक्षण, हिला घरकाम. घरची मालकीण चारू, म्हणजे आपल्या सुलोचनाबाई, पाहुण्यांना हिची ओळख ‘मुलगी’ म्हणून देत नाही, ‘मुलीसारखी’ म्हणून देते. त्या एका ‘सारखी’ शब्दात सगळी जातिव्यवस्था बसली आहे. दिग्दर्शकाला हे कळले होते, याबद्दल त्याचे ऋण मानलेच पाहिजे.

पण शेवट काय होतो? चारू जिन्यावरून पडते, रक्त लागते, कुणाचे जुळत नाही, सुजाताचे जुळते. ती रक्त देते आणि मगच चारूच्या मनात ती ‘मुलगी’ होते. आम्ही हा चित्रपट तीन वेळा पाहिला आणि तिन्ही वेळा एकच विचार मनात आला. रक्तगट जुळला नसता तर? तर ती पोर जन्मभर ‘सारखी’च राहिली असती काय? माणूस म्हणून मिळायचा मान तिला बाटलीभर रक्त मोजून विकत घ्यावा लागतो, आणि प्रेक्षक समाधानाने डोळे पुसत घरी जातो. हे समाधान कुणाचे, याचा विचार आपण करायला हवा.

गंमत अशी की याच चित्रपटात रवींद्रनाथांच्या ‘चंडालिका’चा प्रयोग दाखवला आहे. ती कथा मूळ बौद्ध परंपरेतली. ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात, स्त्रियांच्या धम्मदीक्षेच्या भागात, बाबासाहेबांनी ती सांगितली आहे. आनंद प्रकृतीकडे पाणी मागतो. ती आपली जात सांगते. त्याला जात नको असते, पाणी हवे असते. ती त्याच्या प्रेमात पडते, हट्ट धरते, आई तिच्यासाठी मंत्रतंत्र करते, काही उपयोग होत नाही. अखेर ती तथागतांपुढे उभी राहते. तेव्हा तिला विचारले जाते ते एवढेच की केस उतरवायची तयारी आहे का. ती घरी जाऊन आईशी बोलते आणि संघात येते. सोशिकपणाची परीक्षा कुणी घेत नाही, रक्ताची तर नाहीच. ती चुकते, रागावते, हट्ट करते आणि निर्णय घेते. नूतनच्या सुजाताने दीड-दोन तासांत स्वतःच्या मनाने घेतलेले निर्णय मोजायचे म्हटले तर एका हाताची बोटेही पुरून उरतील.

पुढे नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ आला. थिएटरात डुक्कर पकडायच्या प्रसंगी लोक हसत होते, आम्ही ऐकले. जब्याच्या वर्गातली पोरेही पडद्यावर तशीच हसत होती. मग त्याने दगड उचलला आणि समोर भिरकावला, म्हणजे आपल्याच अंगावर. थिएटर गप्प झाले. सोमनाथ अवघडे या पोराने प्रेक्षकाला डोळे पुसायची सवड दिली नाही, म्हणून तो जब्या अजून आमच्या डोक्यात बसला आहे.

आता याच नजरेने आपल्या विहारातला रमाईंचा प्रयोग पाहा. गोवऱ्या थापणारी रमाई. फाटके लुगडे दंड घालून नेसणारी रमाई. लेकरे मातीला देणारी रमाई. पंढरपूरला जायची इच्छा मनात ठेवणारी रमाई. यातले खोटे काही नाही. चार लेकरे गेली, दारिद्र्य भोगले, २७ मे १९३५ ला राजगृहात त्यांनी देह ठेवला. पण दोन तासांच्या प्रयोगात जर फक्त हेच असेल, तर आपण सुजाताच पुन्हा मंचावर आणली, फक्त नऊवारी नेसवून. दुसऱ्यांनी आपल्या बाईला सोशिक रंगवले तर आपण लेख लिहितो, निषेध करतो. आपण रंगवले तर टाळ्या वाजवतो.

याचा परिणाम घराघरात दिसतो म्हणून हे लिहावे लागते. आमच्या ओळखीच्या एका घरात सुनेला नर्सिंगच्या कोर्सला जायचे होते. सासू म्हणाली, “रमाईनं कधी काही मागितलं का?” दुसऱ्या एका घरात नवरा पगार अर्धा बाहेर उडवून येतो आणि बायको बोलली की तिला रमाईंचा दाखला देतो. कार्यकर्ते बंधूही यात मागे नाहीत. चळवळीसाठी घर सोडले म्हणतात आणि बायकोने रमाई व्हावे अशी अपेक्षा धरतात. अहो, बाबासाहेब लंडनच्या ग्रंथालयात उपाशीपोटी पुस्तके वाचत होते. आपण नाक्यावर कटिंग पीत बसलेले असतो. रमाई मागायची तर आधी त्या बाजूचा हिशेब दाखवा!

हिशेबाचे निघाले म्हणून सांगतो. आमचे कामच जमाखर्चाचे, त्यामुळे धारवाडचा प्रसंग आला की आमचे लक्ष रडण्याकडे जात नाही. वसतिगृहातली मुले उपाशी आहेत हे कळल्यावर रमाईंनी आपले दागिने काढून दिले, असे सांगतात. आपल्या प्रयोगांत हा प्रसंग हमखास असतो आणि तो हमखास रडत करतात, बासरी वगैरे लावून. वास्तविक ही एका बाईने उभ्या उभ्या घेतलेली पैशाची व्यवस्था आहे. शिल्लक काय, गरज कुणाची, मोडायचे काय, हे तिने कुणाला न विचारता ठरवले. १९२० ते १९२३ बाबासाहेब लंडनला असताना परळच्या चाळीतला संसार कुणी चालवला? तो रडून चालत नाही. १९४० साली निघालेला ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’ हा ग्रंथ बाबासाहेबांनी आपल्या रामूच्या स्मृतीला अर्पण केला. त्या अर्पणपत्रिकेत तिच्या मनाच्या मोठेपणाबरोबर तिच्या शांत धीराचाही गौरव आहे. तो धीर आपल्या नट्यांना करायला द्या की.

रडण्यासारखेच रागाचेही आहे. विजय तेंडुलकरांच्या ‘कन्यादान’ नाटकातला अरुण आठवले हा दलित कवी बायकोला मारतो. नाटक १९८३ चे. आपल्या लोकांत संताप झाला, आणि तो समजण्यासारखा होता. मराठी रंगभूमीच्या मुख्य प्रवाहाने आपला एक शिकलेला तरुण मध्यभागी उभा केला आणि तो असा! पण त्याच सुमारास, १९८२ मध्ये, फलटणच्या बेबीताई कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ ‘स्त्री’ मासिकात येऊ लागले. पुढे १९८६ ला पुस्तक झाले. त्यातही आपल्या घरांतली मारहाण आहे, सासुरवासाच्या भयंकर गोष्टी आहेत, आणि त्या लिहिणारी बाई आपलीच. तिने ते लिखाण वर्षानुवर्षे घरात लपवून ठेवले होते. फरक असा की बेबीताईंच्या पुस्तकातल्या बाया मार खातात आणि बाबासाहेबांच्या सभेलाही जातात, पोरे शाळेत घालतात, भांडतात, हसतात. अरुण आठवलेवर आम्ही जेवढे बोललो त्याच्या पाव हिश्शानेही बेबीताईंच्या पुस्तकावर मंडळात चर्चा झाली नाही. परक्याने दाखवले की राग येतो, घरच्या बाईने दाखवले की विषय बदलतो. ‘बलुतं’ आले तेव्हाही काही जणांचे म्हणणे हेच होते की घरातले बाहेर कशाला काढले.

आपला रंगमंच मुळात असा नव्हता. भीमराव कर्डकांचे जलसे लोकांना हसवत, डिवचत, प्रश्न विचारत. आणि सामग्रीची कमतरता तर मुळीच नाही. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक १९८९ मध्ये दिले, त्यात चळवळीतल्या किती तरी बाया आहेत. १९२७ च्या डिसेंबरात महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांपुढे भाषण केले. जात ओळखू येईल असे लुगडे नेसू नका, तसले दागिने घालू नका, असे त्यांना सांगितले. लगेच जानेवारी १९२८ मध्ये मुंबईत महिला मंडळ निघाले आणि त्याच्या अध्यक्षा रमाई होत्या. अध्यक्षा झालेली रमाई किती प्रयोगांत पाहिली, हे वाचकांनीच आठवून पाहावे.

यंदाच्या ७ फेब्रुवारीसाठी आमच्या विहारातल्या मुलींनी त्या मंडळावर वीस मिनिटांचे नाटुकले बसवायला घेतले आहे. महाडहून परतलेल्या चार बाया, नव्या पद्धतीने नेसलेली लुगडी, त्यावरून चाळीतली कुजबुज आणि मग सभा. रमाईंच्या तोंडी लांब भाषण मुद्दामच घातलेले नाही. त्या सभा सुरू करतात, एकेकीला बोलायला सांगतात आणि ऐकतात. एका ज्येष्ठ बंधूंनी तालीम पाहून शंका काढली की यात रडण्यासारखे काही नाही, लोक बसतील का? नववीतली रमाई त्यांना म्हणाली, “बसतील काका, तुम्ही पुढं बसा.” सध्या वाद एवढाच आहे की अध्यक्षा जमिनीवर बसवायच्या की खुर्चीवर. मुली खुर्चीवर अडून आहेत. विहारात लाकडी खुर्ची एकच, तिचाही एक हात निखळलेला. रविवारी ती सुताराकडे न्यायची आहे.