पांढऱ्या रंगातला काळा थेंब

लातूरच्या गंजगोलाईत दुकानाची पाटी रंगवणारा पेंटर पिवळ्या इनॅमलमध्ये अंदाजाने जरासा लाल टाकतो, काडीने ढवळतो आणि कामाला लागतो. त्याचं काही बिघडत नाही, कारण त्या पिवळ्याशी ताडून पाहायला शेजारी दुसरा पिवळा नसतो. गाडीच्या दाराचं तसं नाही. नव्याने मारलेल्या दाराला खेटून कंपनीच्या रंगातलं मडगार्ड असतं आणि दोन रंग लगत आले की डोळा बारीकसा फरकही पकडतो. म्हणून गॅरेजने शेड तयार करायचं मिक्सिंग मशीन घ्यावं का, हे आधी कामावर ठरतं.

गाडीचा पांढरा बहुधा निव्वळ पांढरा नसतो. टायटॅनियम डायऑक्साइडच्या पांढऱ्यात नखभर काळा, नखभर पिवळा असतो. समजा, १०० ग्रॅमला ०.३ ग्रॅम काळा हवा आहे. एक थेंब साधारण ०.०३ ग्रॅमचा. तीन थेंब जादा पडले की काळा जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याने वाढला आणि दार राखी दिसू लागलं! किराणा दुकानातला काटा इथे कामाचा नाही, ०.०१ ग्रॅम दाखवणारा हवा. टिंटर, म्हणजे मिसळायचे मूळ रंगही, आधी चांगले ढवळायला हवेत. रंगद्रव्य तळाशी बसलं असेल, तर वजन बरोबर येतं आणि रंग चुकतो.

प्रत्येक रंगद्रव्य किती प्रकाश शोषतं आणि किती विखुरतं, याचं गणित कुबेल्का आणि मुंक यांनी १९३१ मध्ये मांडलं. संगणकावर शेड जुळवताना आजही त्याचाच आधार घेतात. तरीही ट्यूबलाइटखाली जुळलेली शेड उन्हात वेगळी पडू शकते, कारण दोन मिश्रणांतली द्रव्यं निराळी असली, तर ती एका प्रकाशात सारखी आणि दुसऱ्यात वेगळी दिसतात.

मेटॅलिक रंगात तर आपला उन्हाळाच आडवा येतो. नांदेडला मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो. जलद उडणारा थिनर असेल, तर स्प्रे गनमधून निघालेला थेंब पत्र्यावर पोचेपर्यंतच अर्धा सुकतो आणि शेड फिकट येते. हात ओला पडला, तर तीच शेड गडद. अशा वेळी डब्यातल्या रंगाला दोष देण्यात अर्थ नाही; सावकाश उडणारा थिनर घ्यावा.

माझ्या मते मोजक्या गाड्या करणाऱ्या गॅरेजने अख्खं मशीन घेऊ नये. टिंटर पडून राहतात, घट्ट होतात. एका कंपनीचं सूत्र दुसरीच्या टिंटरवर चालतही नाही. गाडीवरचा कलर कोड सांगून विक्रेत्याकडून लागेल तेवढाच रंग करून घ्यावा आणि मारण्याआधी तो पत्र्याच्या तुकड्यावर फवारून उन्हात पाहावा. पैसे वाचतील, त्यातून आधी चांगला मास्क घ्यावा. टू-के, म्हणजे दोन घटकांच्या रंगाच्या हार्डनरमधल्या आयसोसायनेटमुळे दमा जडू शकतो आणि तोंडाला बांधलेला रुमाल ते अडवत नाही.